नांगराऐवजी कायमचा बोया: काय घ्यावं, काय टाळावं

स्नॉर्केलिंगच्या बोटीने टाकलेल्या नांगराखाली प्रवाळ तर मोडतोच, पण वारा फिरला की नांगराची साखळी आजूबाजूचा तळही खरवडून काढते. त्यावर उतारा म्हणजे कायमचा बोया: पाण्यावर तरंगणारा, दोराने तळाशी पक्का केलेला; नांगर न टाकता बोट त्यालाच बांधायची. मात्र बोया म्हणून जे जे विकलं जातं, ते सगळं एका लायकीचं नसतं.

काँक्रीटचा ठोकळा आणि साखळी हा प्रकार साधा, सगळीकडे मिळणारा. घेऊ नका. काँक्रीटचं वजन समुद्राच्या पाण्यात चाळीसेक टक्क्यांनी घटतं. 1 टनाचा ठोकळा तळाशी 575 किलोच्या आसपास भरतो आणि वादळात घसरतो. एरवी त्याची सैल साखळी बोटीबरोबर गोल फिरत समुद्री गवताला टक्कल पाडते. मग नांगर काय वाईट होता?

खडकाळ तळाला हॅलस पद्धत. सागरी जीवशास्त्रज्ञ जॉन हॅलस यांनी 1981 मध्ये फ्लोरिडातल्या ‘की लार्गो’ बेटाजवळ असे बोये बसवले. जिवंत प्रवाळ टाळून घट्ट खडकात हायड्रॉलिक ड्रिलने भोक पाडायचं आणि स्टेनलेस स्टीलचा आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) सिमेंटने बसवायचा. तळावर जागा जाते ती वीतभर. खडक पोकळ निघाला तर मात्र बोल्ट उपटून येतो, म्हणून सिमेंट पुरतं कडक झाल्यावर ताण देऊन चाचणी घेतल्याशिवाय काम ताब्यात घेऊ नये. वाळूत स्क्रू-नांगर, म्हणजे स्क्रूसारखा पिळून तळात बसवायचा नांगर, चांगला. मोठे दगडगोटे लागले तर तो आत शिरत नाही.

खरी रडकथा दोराची. पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. ओहोटीला सैल पडला की वर येऊन प्रोपेलरमध्ये सापडतो, म्हणून त्याला मध्ये छोटं वजन बांधावं लागतं. नायलॉन बुडतो आणि तळाशी घासतो. त्याला उलट मध्ये छोटा फ्लोट लागतो. दोर सर्वांत आधी झिजतो शॅकलपाशी, म्हणजे तो जोडणाऱ्या पिनच्या कडीपाशी, तेव्हा तिथे जाड होजचं (नळीचं) आवरण हवंच. शॅकलची पिन तारेने बांधली नाही तर लाटांच्या हिसक्यांनी फिरत फिरत सुटते. स्टेनलेसला गॅल्व्हनाइज्ड शॅकल जोडणारे इन्स्टॉलर भेटतात. खाऱ्या पाण्यात ती शॅकल भराभर गंजते.

बोटवाल्यांची चूक ठरलेली: बोयाच्या दोराला बोट अगदी आखूड बांधायची. ओढ सरळ वर बसते, बोया पाण्याखाली जातो, बोल्टवर हिसके बसतात. दोराच्या टोकाच्या फासातून आपला दोर ओवून लांबी वाढवावी, आणि एका बोयाला एकच बोट.

विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये देखभाल बहुधा नसते. दर महिन्याला डायव्हर उतरवून शंख-शिंपले खरवडणं, झिजलेला दोर बदलणं हा खर्च कायमचा आहे. कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाने 1992 पासून डायव्हर्सकडून शुल्क घेऊन सागरी उद्यानाच्या खर्चाची सोय केली. अनुदानातून नुसते बोये बसवून मोकळं होणाऱ्यांनी हे आधी ठरवावं. आणखी एक: बोया गर्दी ओढतो. अभ्यासकांनी प्रवाळाच्या एका जागेला वर्षाला 5,000 ते 6,000 डाइव्हची मर्यादा सुचवली आहे. तेवढं गाठत आलं की बोया काही काळ काढून ठेवावा.

वादळाचा इशारा आला की बोया आणि दोर काढून आणावेत, बोल्ट राहू द्यावा. त्याची जागा जीपीएसवर आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणांच्या रेषेत, दोन्ही प्रकारे नोंदवलेली असावी. वादळानंतर वाळू चढली की नुसत्या डोळ्यांनी तो सापडत नाही.