रोबोटच्या साहाय्याने प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या, कर्करोगासाठी माझ्यावर रोबोटच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाली, त्याला आता आठ-नऊ महिने होत आले आहेत. ऑपरेशननंतर लगेच लिहिलेले अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात आणि ते बहुतेक आनंदीच असतात, कारण या यंत्राचा सर्वांत मोठा फायदा पहिल्या पंधरवड्यातच दिसतो. त्यानंतर जे घडते त्यात यंत्राचा वाटा कमी आणि सर्जनच्या हाताचा, आजार कितपत पसरला होता याचा व रुग्णाच्या चिकाटीचा वाटा अधिक असतो, असे माझे मत झाले आहे.

वय साठीच्या पुढचे. नेहमीच्या रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले आढळले, मग एमआरआय, मग बायोप्सी. गाठ ग्रंथीच्या आतच होती. रेडिएशनचाही पर्याय होता. शस्त्रक्रिया ठरल्यावर ती ओटीपोटावर चीर देऊन करायची, साध्या दुर्बिणीने की रोबोटने, हा पुढचा प्रश्न आला. मी निवडलेल्या रुग्णालयात दा विंची हे अमेरिकी यंत्र होते. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली आणि प्रोस्टेट हा लवकरच त्याचा एक मुख्य उपयोग ठरला, याचे कारण ग्रंथीच्या जागेत आहे. ती ओटीपोटाच्या तळाशी, हाडामागच्या अरुंद जागेत असते, आणि ती काढल्यावर मूत्राशय व मूत्रमार्ग पुन्हा एकमेकांना बारीक टाक्यांनी जोडावे लागतात. साध्या दुर्बिणीच्या सरळ, लांब दांड्यांनी तिथे टाके घालणे फार अवघड असते; रोबोटच्या हत्यारांची टोके मनगटासारखी वळतात, हाताचा कंप त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि सर्जनला आतले दृश्य मोठे व त्रिमितीय दिसते. एक उणीवही आहे : या यंत्राच्या बहुतेक प्रकारांत ऊतीवर पडणारा दाब सर्जनच्या बोटांना जाणवत नाही, तो नजरेनेच ओळखावा लागतो. हत्यारावरचा जोर जाणवून देणारी सोय २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या दा विंची ५ मध्ये आली.

यंत्र स्वतःहून कापत नाही, हे घरात अनेकदा सांगावे लागले. ‘मध्येच लाइट गेली तर?’ असे आमच्या मेहुण्यांनी सर्जनना विचारलेच. यंत्राला स्वतःची बॅटरी असते आणि वेळ पडल्यास हत्यारे बाहेर काढून नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रिया पुरी करता येते, असे त्यांनी न रागावता समजावले. भूल देण्यापूर्वी मला जे दिसले ते असे : पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले यंत्राचे चार हात, आणि टेबलापासून बऱ्याच अंतरावर सर्जनचा कन्सोल. तिथे बसून ते हात चालवतात. टेबलापाशी मात्र दुसरा सर्जन उभा असतो, हत्यारे बदलतो, रक्त शोषून घेतो, टाक्यांच्या सुया आत देतो. मुख्य सर्जनइतकीच या साहाय्यकाचीही चौकशी करावी, असे मी आवर्जून सांगेन.

पोटावर लहान-लहान छिद्रेच होती. नाभीजवळचे तेवढे थोडे मोठे, कारण ग्रंथी पिशवीत घालून तिथूनच बाहेर काढतात. रक्त चढवावे लागले नाही आणि दुसऱ्या दिवशी मी धरून-धरून चाललो. मात्र ऑपरेशनभर डोके खाली व पाय वर असे टेबल बरेच कललेले ठेवतात, त्यामुळे शुद्धीवर आल्यावर पापण्या इतक्या सुजल्या होत्या की पत्नी घाबरली. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खांदा दुखतो, हेही आधी कोणी सांगितले नव्हते. टाक्यांपेक्षा तेच जास्त दुखले. लघवीची नळी आठवड्याहून थोडी अधिक होती.

नळी निघाली आणि खरी परीक्षा सुरू झाली. खुर्चीतून उठताना, खोकताना, शिंकताना लघवी गळायची. सकाळी बरे असायचे, संध्याकाळपर्यंत स्नायू थकले की पुन्हा तेच. डायपरवरून पॅडवर यायला काही आठवडे गेले आणि दिवसाला एका पॅडवर यायला तीनेक महिने. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शस्त्रक्रियेच्या आधीच शिकून घ्यावेत, कारण नंतर नेमका कोणता स्नायू आवळायचा हेच उमगत नाही. आता घरी पॅड लागत नाही, एसटीच्या लांबच्या प्रवासाला लावतो. लैंगिक क्षमता अजून पूर्ववत झालेली नाही. ग्रंथीला लगटून जाणाऱ्या नसा माझ्या बाबतीत एकाच बाजूच्या वाचवता आल्या, आणि सुधारणेला दीड-दोन वर्षेही लागू शकतात, असे सर्जनने सांगितले आहे. पुरुष मंडळी या विषयावर डॉक्टरांसमोरही गप्प बसतात, म्हणून मुद्दाम लिहीत आहे. पीएसए प्रत्येक तपासणीत ०.१ च्या खाली आले आहे, आणि ज्यासाठी हे सगळे केले ते हेच.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे सुमारे तीनशे रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून चीर देऊन केलेली आणि रोबोटने केलेली शस्त्रक्रिया ताडून पाहिली गेली. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. रोबोटच्या गटात रक्तस्राव पुष्कळ कमी झाला, परंतु बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा व लैंगिक क्षमता यांत लक्षणीय फरक नव्हता, आणि दोन वर्षांनंतरही तेच चित्र राहिले. मात्र तिथे चीर देणाऱ्या सर्जनच्या पाठीशी पंधराशेहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव होता, तर रोबोटवाल्याच्या पाठीशी दोनशेहून अधिक. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. मला त्यातून एवढेच उमगले की रुग्णालयाने यंत्राची जाहिरात कितीही केली, तरी आपल्या सर्जनने ही शस्त्रक्रिया आजवर किती वेळा केली आहे आणि त्यांचे किती रुग्ण वर्षाअखेर पॅडविना आहेत, हे विचारलेच पाहिजे.

खर्च चीर देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा बराच जास्त येतो. हत्यारे ठरावीक वेळाच वापरता येतात, त्यानंतर यंत्रच ती स्वीकारत नाही, आणि तो भार बिलात उतरतो. एसएसआय मंत्रा हे भारतीय बनावटीचे यंत्र आल्यामुळे हे दर उतरतील, अशी आशा आहे. विम्याबाबत आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळता येत नाही, पण कंपनीला तिच्यावर मर्यादा घालता येते. माझ्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या निम्मी होती आणि टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर हे डिस्चार्जच्या सकाळी सांगण्यात आले, जेव्हा वाद घालण्याचे त्राण कोणाच्याच अंगात नव्हते.

माझा अनुभव ऐकून शेजारच्या एका गृहस्थांनी पित्ताशयाच्या खड्यांसाठीही रोबोट घ्यावा का, असे विचारले. ते ऑपरेशन साध्या दुर्बिणीने वर्षानुवर्षे उत्तम होत आले आहे. तिथे जादा पैसे मोजण्याचे कारण मला तरी दिसत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट अधिक गंभीर आहे. सुरुवातीच्या टप्प्यातील या आजारासाठी दुर्बिणीने किंवा रोबोटने गर्भाशय काढलेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आढळले, असा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा घरातील कोणाला त्या आजारासाठी रोबोट सुचवला गेला, तर या अभ्यासाचा विषय डॉक्टरांसमोर जरूर काढावा.