कोर्स झाला, आता पहिला जॉब: एजन्सी की कंपनीची टीम?

मावसभाऊ पुण्यात डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून बसलाय, हातात दोन ऑफर, एक वेगवेगळ्या क्लायंटचं मार्केटिंग करणाऱ्या एजन्सीची, एक फर्निचर कंपनीच्या स्वतःच्या टीममधली, आणि त्याला कळेना कुठे जावं. क्लासवाल्यांचं '१०० टक्के प्लेसमेंट' वगैरे सोडूनच द्या.

शिकण्याचं बघितलं तर एजन्सी पुढे. डेंटिस्ट, बिल्डर, साडीचं दुकान असे क्लायंट एकदम अंगावर येतात, गूगल अ‍ॅड्स, मेटा (फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती), एसईओ (गूगल सर्चमध्ये साइट वर आणणं) सगळ्याला हात लागतो, आणि सर्च टर्म्सचा रिपोर्ट, म्हणजे लोकांनी काय शोधलं तेव्हा जाहिरात दिसली ती यादी, सारखा बघून 'फ्री', 'जॉब' असले शब्द निगेटिव्हमध्ये टाकायची, म्हणजे त्यांवर जाहिरात दिसू न देण्याची सवय लागते, जी क्लासच्या डमी कॅम्पेनवर लागत नाही कारण तिथे कोणाचे खरे पैसे जात नसतात. पण आलेल्या लीडचं, म्हणजे जाहिरात बघून चौकशी करणाऱ्याचं, पुढे काय झालं हे कंपनीतच नीट दिसतं. सेल्सवाला शेजारीच असतो, तो सांगतो फोन उचलला नाही, बजेट नव्हतं, मग कळतं स्वस्त लीड म्हणजे चांगली लीड नव्हे. मला हे फार मोलाचं वाटतं.

वेळेचं म्हणाल तर एजन्सीत महिनाअखेर आणि दिवाळीच्या आधी उशीर होतोच. कंपनीत वेळ बरी, पण सीनियर नसेल तर चुका दाखवणारं कोणी नाही आणि बॅनरपासून व्हॉट्सअ‍ॅप मेसेजपर्यंत सगळं गळ्यात पडतं. सीनियर आहे का ते इंटरव्ह्यूलाच विचारा, अ‍ॅड अकाउंटचा अ‍ॅक्सेस मिळणार का तेही. सर्टिफिकेटच्या बाबतीत दोन्हीकडे फरक नाही, गूगल अ‍ॅड्सचं स्किलशॉप या गूगलच्याच ट्रेनिंग साइटवर फुकट मिळतं.

नेमकं काय आवडतं ते अजून ठरलं नसेल आणि धावपळ झेपत असेल तर एजन्सी. ठरलं असेल, घरच्या जबाबदाऱ्या असतील, तर कंपनी, पण टीममध्ये निदान एक अनुभवी माणूस असेल तरच.