बाळाच्या डोळ्यातली पांढरी चमक: ऑप्थॅल्मोस्कोप घ्यावा की मोबाइलवर भागवावं?

नवा दवाखाना टाकणारे बालरोगवाले आणि फॅमिली डॉक्टर मित्र वरचेवर विचारतात: लसीकरणाला आलेल्या बाळाचे डोळे बघायचे हे मान्य, पण त्यासाठी वेगळा ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्यात उजेड टाकून आत बघायचं उपकरण) कशाला? मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढला की झालं. दोन्ही वापरून बघितलंय, म्हणून लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचा डॉक्टर नव्हे. बाहुलीतली पांढरी चमक ही रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या कॅन्सरची, खूण असू शकते; ती शंका वेळेत यावी, एवढंच आपलं काम. त्याच चौकटीत हे वाचा.

आजार दुर्मीळ, साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एक. पण आपल्याकडे जन्मच इतके की रुग्णसंख्येत भारत जगात आघाडीवर. गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर सापडली तर बहुतेक मुलं वाचतात. ती दृष्टिनाडीतून (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) मागे सरकली की हिशेबच बदलतो.

आधी मोबाइलची बाजू, कारण ती कच्ची नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ब्रायन शॉ यांच्या मुलाला हाच आजार झाला. त्यांनी घरचे जुने फोटो चाळले, तर बाळ 12 दिवसांचं असतानाच्या फोटोत पांढरी चमक दिसली. त्यातून पुढे ‘क्रेडल’ हे ॲप निघालं. 2019 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात डोळ्यांचे आजार असलेल्या 20 मुलांपैकी 16 जणांच्या घरगुती फोटोंत ॲपला ही चमक सापडली, आणि तीही निदानाच्या सरासरी 1.3 वर्षं आधी. हे थोडंथोडकं नाही. शिवाय फोन प्रत्येकाच्या खिशात असतोच.

मग नडलं कुठे? ओपीडीत. आठ-नऊ महिन्यांचं बाळ कॅमेऱ्याकडे बघत नाही, आईच्या बांगडीकडे बघतं. त्या क्षणी एक डोळा नाकाकडे साधारण 15 अंश वळलेला असला, तर फ्लॅशचा उजेड नेमका ऑप्टिक डिस्कवर, म्हणजे दृष्टिनाडी जिथून डोळ्याबाहेर पडते त्या जागेवर, पडतो. डिस्क मुळातच फिकट, त्यामुळे बाहुली पांढरी दिसते. डोळा ठणठणीत, फोटो मात्र भीतीदायक. आपण बाळाला जरा हलवून दुसरा फोटो काढतो, तो स्वच्छ येतो. पण पहिला आजीने खांद्यावरून बघितलेला असतो. ‘हे काय वो डाक्टर, पांढरं?’ तिथून पुढे डिस्कचा कोन समजावण्यात ओपीडीचा वेळ जातो, बाहेर इंजेक्शनवाली रांग वाढते, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो पुण्यातल्या मामाच्या व्हॉट्सॲपवर पोचलेला असतो. हे माझ्याकडे इतक्यांदा झालं की मी दवाखान्यात फोटो काढणं सोडलं. याच्या उलट त्रासही आहे. काही फोनमध्ये रेड-आय (फोटोत डोळे लाल दिसणं) घालवण्याची सोय चालू असते, मग निरोगी डोळ्याची लाल चमकच पुसली जाते आणि आपण कशाची तुलना करतोय तेच कळत नाही.

ऑप्थॅल्मोस्कोपने हीच फसवी चमक दिसत नाही असं नाही. दिसते. पण तिथे चित्र गोठलेलं नसतं. दिवे मालवायचे, खिडकीचा पडदा ओढायचा, आईच्या मांडीवर बाळ, आपण हातभर ते मीटरभर लांब, दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड. बाळ दिव्याकडे बघतंच. चमक पांढरी वाटली तर आपण डोकं इकडे-तिकडे करायचं. डिस्कची असेल तर क्षणात जाते, गाठीची किंवा मोतीबिंदूची असेल तर सहसा हटत नाही. शंका मिटेपर्यंत ती आपल्यापुरतीच राहते. आपल्याकडच्या मुलांत चमक पुस्तकातल्यासारखी लालभडक नसते, मंद नारिंगी, कधी राखाडीकडे झुकलेली असते. म्हणून रंगापेक्षा दोन डोळ्यांतला फरक बघायचा, आणि तो डोळ्याने थेट बघताना जास्त भरवशाचा वाटतो. निदान मला तरी. कुणाचा हात फोनवर छान बसला असेल तर माझं काही म्हणणं नाही.

तक्रारी इथेही आहेतच. जुन्या हॅलोजनवाल्या हँडलचा बल्ब नेमका लसीकरणाच्या दिवशी उडतो आणि तालुक्याच्या गावी मिळत नाही. एलईडीवाला घ्या. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तयार झालेला, सौरऊर्जेवर चार्ज होणारा खिशातला ‘आर्कलाइट’ मिळाला तर उत्तमच, कानही त्यानेच बघता येतात.

एका बाबतीत दोन्ही सारखेच अपुरे. बाहुली औषधाने मोठी न करता बघितलं तर कडेची लहान गाठ दोन्हींतून निसटू शकते. घरात कुणाला हा आजार झालेला असेल तर चमक चांगली दिसली म्हणून सोडू नका; त्या बाळाची बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला संपूर्ण पडदा नेत्रतज्ज्ञानेच बघायला हवा. तिरळेपणाचंही तसंच. ‘तिरळं मूल नशिबाचं’ म्हणून घरचे हसत असले तरी चमक न बघता तिरळेपणाला ‘मोठेपणी जाईल’ म्हणू नये; या आजाराचं ते दुसऱ्या क्रमांकाचं लक्षण आहे.

फोन मी अडगळीत टाकलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. शंका आली की आईवडिलांनाच म्हणतो, बारशापासूनचे फोटो दाखवा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कोनांतून त्याच डोळ्यात पांढरं दिसत असेल तर मग फोटोही पुरावा ठरतो. आणि ‘रातच्याला ह्याचा डोळा मांजरावाणी चमकतोय’ असं एखादी आजी आपणहून सांगत असेल तर उपकरणाचा वाद तिथेच थांबवावा. बाळाला पुढे पाठवावं.

पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘मोतीबिंदू?’ लिहू नका, त्याने नंबर लांबतो. ‘पांढरी चमक, रेटिनोब्लास्टोमाची शंका’ असं स्पष्ट लिहा, कुठला डोळा तेही, आणि गाठीत सुई घालून तपासणी कुठेही करू देऊ नका असं घरच्यांना बजावा. सुईच्या वाटेने पेशी बाहेर पसरतात. आमच्या मराठवाड्यातून मुंबईचं टाटा किंवा हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्ररुग्णालय, जिथे राहायची सोय होईल तिथे, पण त्याच आठवड्यात.