शिवाजी उद्यमनगरातील डिझेल गॅरेज आणि पिकअपची टिकटिक

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका गल्लीत असलेल्या या गॅरेजमध्ये फक्त डिझेल गाड्यांचे काम चालते आणि मालवाहतूक करणाऱ्यांची पिकअप वाहने तेथे दिवसभर उभी असतात. माझ्या चार सिलिंडरच्या टर्बो डिझेल पिकअपच्या इंजिनातून येणारी टिकटिक त्यांनी कायमची बंद केली, याचे समाधान आहेच. पण तो आवाज नेमका कशाचा आहे हे त्यांनी ज्या क्रमाने ठरवले, त्या क्रमासाठी मी हे गॅरेज इतरांना सुचवतो.

सकाळी गार इंजिन सुरू केले की टिकटिक स्पष्ट ऐकू यायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा वेग वाढायचा आणि गाडी पुरती तापली की ती जवळजवळ नाहीशी व्हायची. त्याच सुमारास मार्केट यार्डातून गुळाचे रवे कोकणात उतरवून परतीचा माल घेऊन करूळ घाट चढताना गाडीची ओढ कमी झाल्याचे जाणवू लागले होते. आधी दाखवलेल्या एका ठिकाणी थोडा वेळ आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचे सांगण्यात आले आणि इंजिन उतरवण्याचा खर्चही लगेच मांडण्यात आला. वास्तविक कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा आवाज जड, ठोक्यासारखा असतो, गाडीवर भार आला की तो वाढतो आणि ऑइल तापून पातळ झाले की कमी होण्याऐवजी बहुधा अधिकच ऐकू येतो. माझ्या गाडीचे लक्षण याच्या नेमके उलट होते.

उद्यमनगरातील मिस्त्रींनी मात्र सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘दादा, गाडी आज हितंच राहू द्या. सकाळी गार इंजिनवर ऐकूया, मग काय खोलायचं ते ठरवू.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रथम ऑइलची पातळी पाहिली, प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून ऑइलचा दाब मोजला आणि तो ठीक असल्याची खात्री झाल्यावरच पुढचे काम हाती घेतले. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला टेकवून त्यांनी रॉकर कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर एकेक करून ऐकले. डिझेल इंजिनात इंजेक्टरचा थोडा आवाज असतोच. चारही ठिकाणी तो सारखा आहे ना, एवढेच पाहायचे असते.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) सैल झाले आहे की एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातून) गॅस निसटतो आहे, हे केवळ कानाने ठरवणे कठीण असते, कारण दोन्ही आवाजांचा ठेका एकच असतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत टॅपेट हलवणाऱ्या कॅमशाफ्टची एक फेरी होते आणि त्याच दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा धूर एकदाच बाहेर पडतो. म्हणजे ८०० आरपीएमला एका सिलिंडरची टिकटिक मिनिटाला ४०० वेळा होणार, मग कारण कोणतेही असो. हा पेच सोडवण्यासाठी त्यांनी एकेका इंजेक्टरच्या वायरची पिन काढून तो सिलिंडर बंद केला. जुन्या इंजिनांत याच कामासाठी डिझेलच्या पाइपचा नट सैल करत असत, परंतु कॉमन रेल इंजिनात (जिथे सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते) डिझेलचा दाब १,००० बारच्याही वर जातो आणि चालू इंजिनावर तो नट सोडणे जिवावर बेतू शकते, हे त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलालाही बजावून सांगितले. सिलिंडर बंद केल्याने टॅपेटच्या आवाजात विशेष फरक पडत नाही, उलट धुराचा जोर ओसरल्यामुळे गळतीचा आवाज लगेच मंदावतो. केबिनकडच्या शेवटच्या सिलिंडरची पिन काढताच टिकटिक जवळपास थांबली. मग रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे मॅनिफोल्डच्या कडेने फिरवले आणि उष्णतारोधक पत्रा काढल्यावर पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पट्टा व त्याच्या वर तुटलेला स्टड (मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला घट्ट धरणारा आटेदार दांडा) दिसला.

मॅनिफोल्ड तापून लांबीच्या दिशेने प्रसरण पावतो आणि त्याचा सर्वाधिक ताण टोकाच्या स्टडवर येतो, म्हणून तुटतो तो बहुधा टोकाचाच. धातू तापला की फट काही अंशी बुजते आणि आवाज दबतो. शिवाय टर्बोकडे जाणारा गॅस आधीच निसटल्याने बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) कमी पडतो, त्यामुळे घाटातील तक्रारीचाही उलगडा याच जागी झाला.

तुटलेल्या स्टडचे थोडे टोक हेडच्या बाहेर शिल्लक होते. बॅटरीचे टर्मिनल काढून त्यावर नट वेल्ड केला, वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटू दिला आणि पाना सावकाश मागे-पुढे हलवत स्टड अख्खा बाहेर काढला. ड्रिल मारले असते तर भोक तिरके जाऊन हेडचे आटे खराब होण्याचा धोका होता. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावल्यावर मॅनिफोल्डचा माथा वाकल्याचे दिसले, तेव्हा तो जवळच्याच मशीन शॉपमध्ये नेऊन सपाट करून घेतला. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर आणि फाउंड्रीवर वाढलेल्या या परिसरात असे काम हाकेच्या अंतरावर होते, ही कोल्हापूरकर वाहनधारकांची मोठी सोय आहे. नवे स्टड व पॅकिंग घालून नट मधून टोकांकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले आणि गाडी काही दिवस चालवल्यावर पुन्हा आणायला सांगून तेच नट एकदा तपासले.

बिलात मजुरी, मशीनिंग आणि सुटे भाग वेगवेगळे लिहिलेले होते आणि एकूण रक्कम इंजिन उतरवण्यासाठी आधी सांगितलेल्या खर्चाच्या मानाने फारच कमी होती. उणिवा सांगायच्या तर खर्चाचा अंदाज सुरुवातीला तोंडीच मिळतो, तो लिहून मागावा लागतो; गल्ली अरुंद असल्याने भरलेली गाडी आत नेणे त्रासाचे आहे आणि गर्दीमुळे काम लांबते. आवाजाची तक्रार घेऊन जाणाऱ्यांनी माल उतरवून संध्याकाळीच गाडी सोडावी, कारण रात्रभर गार झालेल्या इंजिनाशिवाय येथे तपासणी सुरू होत नाही.