रिफंडवरची उचल: शून्य टक्के, छत्तीस टक्के की तीन आठवडे कळ काढायची?

जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या टॅक्सच्या दुकानांवर फलक लागतात: रिटर्न आमच्याकडे भरा, आजच ४,००० डॉलरपर्यंत घेऊन जा, व्याज शून्य. रिफंड हाती येण्याआधीच त्याच्या जोरावर घेतलेली ही उचल. ऊसतोडीच्या उचलीसारखंच इथेही आधी एक विचारायचं असतं: पैसे कोण देतोय आणि वळते करून कोण घेणार?

रिटर्न ऑनलाइन भरलं आणि रिफंड थेट बँक खात्यात मागितला, तर आयआरएस (अमेरिकेचं कर खातं) बहुतेक रिफंड २१ दिवसांच्या आत देते. म्हणजे ही उचल घेऊन तुम्ही बहुधा तीन आठवडे विकत घेता. त्या तीन आठवड्यांना तुम्ही किती मोजताय, यावर निवड करायची.

एकच रिफंड, पाच वाटा

समजा रिफंड २,४०० डॉलर आहे, ३ फेब्रुवारीला रिटर्न भरलं आणि २४ फेब्रुवारीला पैसे आले. दुकानाची रिटर्न भरण्याची फी २२० डॉलर धरू.

पहिली वाट: आयआरएसच्या फ्री फाइल या मोफत ऑनलाइन सेवेतून स्वतः भरा, किंवा व्हिटा या मोफत मदत केंद्रातल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून भरून घ्या. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा आहे. फ्री फाइलची मर्यादा वर्षाला ८० हजार डॉलरहून थोडी जास्त आहे, व्हिटाची साधारण ६७ हजार. खर्च शून्य, हातात २,४००.

दुसरी: दुकानात भरा, पण फी तिथल्या तिथे कार्डाने द्या. हातात २,१८०, तारीख तीच.

तिसरी वाट फलकावरची. शून्य टक्क्यांनी १,००० डॉलर एक-दोन दिवसांत मिळतात. फी आता नाही, रिफंडमधून कापून घ्या असं सांगितलं की ‘रिफंड ट्रान्सफर’ सुरू होतं. दुकानाची भागीदार बँक तुमच्या नावाने तात्पुरतं खातं उघडते. आयआरएस पैसे त्या खात्यात टाकते, बँक उचल, फी आणि स्वतःचे सुमारे ४० डॉलर वळते करते आणि उरलेलं तुमच्याकडे येतं. राज्याचा रिफंडही याच वाटेने घेतला तर अनेकदा वेगळं शुल्क पडतं. २४ फेब्रुवारीला तुम्हाला १,१४० मिळतात, सगळं मिळून २,१४०. व्याज खरंच शून्य, तरी पहिल्या वाटेपेक्षा २६० डॉलर कमी.

त्यातले ४० डॉलर नीट पाहा. २२० डॉलरची फी २१ दिवस उशिरा देण्याची ही किंमत आहे. वार्षिक दराने मोजली तर ती ३०० टक्क्यांच्या वर जाते. सही करताना ही ओळ व्याजाच्या रकान्यात दिसत नाही, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

चौथी वाट सर्वांत महाग: डिसेंबरातली उचल. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म, अजून आलेला नसतो (मालकाला तो ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो), म्हणून शेवटच्या पगारपत्रकावरून रिफंडचा अंदाज बांधून कर्ज दिलं जातं. इथे शून्य टक्के नाही, दर ३६ टक्क्यांच्या आसपास असतो. २० डिसेंबरला घेतलेल्या १,००० डॉलरवर २४ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ६६ दिवसांत, सुमारे ६५ डॉलर व्याज होतं. वर फी आणि ट्रान्सफर आहेतच. हातात २,०७५ उरतात. शिवाय जानेवारीत रिटर्न त्याच दुकानात भरायला तुम्ही बांधले जाता. पगारपत्रकावरून कर्ज देता येतं, रिटर्न मात्र पाठवता येत नाही. डब्ल्यू-२ हाती येण्याआधी कुणी ते ऑनलाइन पाठवत असेल तर तो आयआरएसचा नियम मोडतोय.

पाचवी वाट फारशी कुणी सांगत नाही: फेडरल क्रेडिट युनियन या सभासदांच्या पतसंस्थेचं ‘पेडे अल्टर्नेटिव्ह लोन’. व्याजाची कमाल मर्यादा २८ टक्के, अर्जाचं शुल्क जास्तीत जास्त २० डॉलर. १,००० डॉलर एका महिन्यासाठी घेतले तर खर्च ४३ डॉलरच्या आसपास. रिटर्न फुकट भरलं तर हातात सुमारे २,३५७ राहतात, आणि या कर्जाचा रिफंडशी काही संबंध नसतो. यातल्या एका प्रकारात किमान महिनाभराचं सभासदत्व लागतं, म्हणून गरज पडण्याआधीच खातं उघडून ठेवावं. विद्यार्थी असाल तर आधी विद्यापीठात चौकशी करा. बऱ्याच विद्यापीठांत अल्पमुदतीचं आपत्कालीन कर्ज मिळतं, अनेकदा बिनव्याजी.

शून्य टक्के परवडतं कसं?

२०१२ पर्यंत या कर्जांवर उघड आणि जबर शुल्क असायचं. आयआरएस तयारकांना, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्यांना, एक खूण पुरवायची, जिच्यावरून ग्राहकाचा रिफंड जुन्या सरकारी देण्यापोटी अडकणार का ते कळे. ऑगस्ट २०१० मध्ये ती बंद करायचं ठरलं, पाठोपाठ बँक नियामकांनी दबाव आणला आणि २०१२ च्या हंगामानंतर बँका यातून बाहेर पडल्या. आजच्या शून्य टक्क्यांत बँकेचा मोबदला टॅक्स कंपनी देते, कारण तिला ग्राहक हवा असतो. तो खर्च वसूल होण्याची जागा म्हणजे रिटर्नची फी. म्हणून व्याजदर विचारण्याआधी फीचा लेखी आकडा मागा. फी रिफंडच्या टक्केवारीत सांगितली तर तिथून उठा. ऑनलाइन रिटर्न पाठवणाऱ्यांना आयआरएसने ते मना केलंय.

थांबणं खरंच अवघड असतं तेव्हा

कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने ईआयटीसी ही कमावत्यांसाठीची करसवलत किंवा मुलांसाठीचं परतावायोग्य क्रेडिट (करापेक्षा जास्त झाली तर रोख मिळणारी सवलत) घेतलं असेल, तर २०१५ च्या पाथ कायद्यामुळे आयआरएस १५ फेब्रुवारीपूर्वी रिफंड सोडू शकत नाही. नुसतं क्रेडिट नाही, पूर्ण रिफंड अडतो. पैसे बहुधा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला येतात. जानेवारीअखेर रिटर्न भरणाऱ्याला महिनाभर थांबावं लागतं, आणि घरभाडं तेवढं थांबत नाही. अशा वेळी शून्य टक्क्यांची छोटी उचल घेणं चूक नाही. फक्त फी वेगळी भरा, गरजेपुरतीच रक्कम घ्या आणि करारात ‘नॉन-रिकोर्स’ शब्द शोधा. तो असेल तर रिफंड कमी आला तरी उरलेली रक्कम तुमच्या गळ्यात पडत नाही.

कुठे फसतं

उचल नाकारली जाते, पण तोवर रिटर्न तयार झालेलं असतं आणि फी लागू झालेली असते. मंजूर रक्कमही मागितल्यापेक्षा बरीच कमी असू शकते. कधी मुलांच्या पोटगीची थकबाकी, बुडीत फेडरल शैक्षणिक कर्ज किंवा राज्याचा कर रिफंडमधून परस्पर वळता होतो, आणि दुकानाची फी मात्र उभीच राहते. कधी आयआरएस ओळख पटवायचं ५०७१सी पत्र पाठवते. ओळख पटवल्यावरही ९ आठवडे लागू शकतात. व्याजी उचल असेल तर या काळात व्याज चढतं का, ते करारात आधीच वाचा. उचलीचे पैसे प्रीपेड कार्डावर दिले जात असतील तर एटीएमचं शुल्क विचारा.

एफ-१ आणि एच-४ वाल्यांसाठी

पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेला विद्यार्थी एफ-१ व्हिसावर साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी असतो. त्याचा फॉर्म १०४०-एनआर. घाईच्या दुकानात निवासींचा साधा १०४० भरला जातो, शिक्षणाचं क्रेडिट लावलं जातं, रिफंड फुगतो आणि त्या फुगलेल्या आकड्यावर उचल मिळते. पुढे १०४०-एक्स हे दुरुस्तीचं रिटर्न भरून पैसे परत करावे लागतात, कधी व्याज आणि दंडासह. विद्यार्थ्याला खरी सवलत वेगळीच आहे: भारत-अमेरिका कर करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक अनिवासींना मिळत नाही. १०४०-एनआर भरणाऱ्याला कलम २१ माहीत नसेल तर त्याच्याकडे रिटर्न देऊ नका. पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के चुकून कापले असतील तर ते या रिफंडमध्ये येत नाहीत; आधी मालकाकडे मागायचे, नाहीच मिळाले तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे.

जोडीदार एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) असून आयटीआयएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नसलेल्यांचा कर क्रमांक, पहिल्यांदाच काढायचा असेल, तर डब्ल्यू-७ अर्ज कागदी रिटर्नला जोडून जातो. २१ दिवसांचा हिशेब इथे लागू नाही. हंगामात नुसत्या आयटीआयएनलाच ९ ते ११ आठवडे लागू शकतात. ते पैसे उन्हाळ्याआधी येतील असं धरून काहीही ठरवू नका.

सही करण्याआधी

तयारकाचा पीटीआयएन (आयआरएसने त्याला दिलेला) क्रमांक आणि सही रिटर्नवर आहे का ते पाहा. खाते क्रमांक स्वतः ताडून बघा. रिफंड तयारकाच्या खात्यात जाणं नियमात बसत नाही. रिटर्नची प्रत घेऊनच निघा. ऑनलाइन पाठवल्यावर २४ तासांनी आयआरएसच्या ‘व्हेअर्स माय रिफंड’वर स्थिती दिसते. त्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक, फाइलिंग स्टेटस आणि रिफंडचा नेमका आकडा लागतो. दिवसातून एकदाच माहिती बदलते, सारखं उघडून उपयोग नाही.

पुढच्या वर्षी उचलीची गरजच पडू नये म्हणून डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा फॉर्म, आत्ता बदला. तो वर्षात केव्हाही बदलता येतो. अनिवासींनी त्यावर चरण ४(सी) खालच्या जागेत ‘एनआरए’ लिहायचं असतं. तसं लिहिल्यावर पेरोल विभाग कर मोजताना पगारात एक जादा रक्कम धरतो. ही जादा रक्कम भारतीय विद्यार्थ्यांना लागू नाही, पण पेरोलमध्ये हे ठाऊक नसतं आणि दर पगाराला जास्त कर कापला जातो. आयआरएसचं प्रकाशन १५-टी सोबत घेऊन जा आणि त्यातला भारतीय विद्यार्थ्यांचा उल्लेख दाखवा.