आईसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना: मोठी इमारत की बंगला?

गेल्या वर्षी श्रावणात आई बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, आठव्या दिवशी घरी सोडलं. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आम्ही दोघंही नोकरीवाले. घरी सेवेसाठी बाई पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या मावशी पंधरा दिवसांत तीन वेळा बदलल्या. मग पुण्यातली शुश्रूषा केंद्रं बघायला सुरुवात केली. नऊ पाहिली, त्यातली दोन मनात राहिली. आई दोन्हीकडे राहून आली आहे. पहिल्या ठिकाणी तेवीस दिवस, दुसऱ्या ठिकाणी साडेचार महिने. सध्या कुणी अशाच निर्णयापाशी अडलं असेल, तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. माझी आई ७९ वर्षांची, हात धरला तर चालणारी, थोडं विसरणारी. तुमच्याकडची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

पहिलं केंद्र शहराबाहेर, पाच मजली, ऐंशी खाटांचं. रॅम्प, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, दारात अँब्युलन्स, रात्रंदिवस हजर असणारा डॉक्टर, फिजिओथेरपीची वेगळी खोली. दुसरं कर्वेनगरच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात, चौदा खाटा. ते चालवतात त्या निवृत्त सिस्टर, सगळे त्यांना ताई म्हणतात. डॉक्टर आठवड्यातून तीनदा येतात, एरवी फोनवर. लिफ्ट नाही, म्हणून चालू न शकणारे सगळे खालच्या मजल्यावर.

कागदपत्रांत मोठ्या केंद्राचं पारडं निर्विवाद जड होतं. न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाने पहिल्याच फोनवर विचारलं, "दादा, स्टार किती आहेत?" तिकडे २००८ पासून सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय आढळलं, कर्मचारी किती आहेत आणि रुग्णांची तब्येत कशी राहते, या तिन्हींवरून ते ठरतात आणि कुणालाही घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडे असं काही नाही. आपल्याला जे मागता येतं ते एवढंच: महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालचं प्रमाणपत्र, जे दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. सिस्टरांची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. आणि अग्निशमनाचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जो २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. हा शेवटचा कागद बहुतेक लोक विचारत नाहीत. २०२१ या एका वर्षात भंडारा, विरार आणि नगर इथल्या रुग्णालयांत आगी लागल्या आणि जे गेले त्यांतले बहुतेक स्वतःहून उठून बाहेर पडू न शकणारे होते, हे लक्षात ठेवून तरी विचारा. मोठ्या केंद्राने पाच मिनिटांत फाइल समोर ठेवली. बंगल्यात नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, पण जुलैचा फॉर्म बी दुसऱ्यांदा मागितल्यावर मिळाला. त्यामुळे आम्ही साहजिकच मोठ्या केंद्रात गेलो आणि तेव्हा तो निर्णय मला बरोबरच वाटला होता.

दिवसा तिथे खरोखर चांगलं चाले. सकाळी फिजिओथेरपिस्ट आईला कठड्याला धरून वीस मिनिटं चालवत. जेवण गरम, चादरी स्वच्छ, कुठेही वास नाही. बीपी-शुगरच्या नोंदी व्यवस्थित.

चौथ्या दिवशी मी संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबलो. सव्वासहाला जेवणं झाली होती. सातच्या सुमाराला एक मावशी डायपरची ट्रॉली घेऊन आल्या आणि खाटेमागून खाट पुढे सरकू लागल्या. आईपाशी आल्यावर आई म्हणाली, "मला नको, मला समजतं." मावशी म्हणाल्या, "आजी, रात्री कोण उठवणार? घालून घ्या, त्यातच करा." बोलण्यात तुसडेपणा नव्हता, बाई दमलेली होती. त्या मजल्यावर सोळा खाटा, रात्रीला एक सिस्टर आणि एक मावशी. सिस्टर औषधं आणि इंजेक्शनांत, म्हणजे सोळा जणांना दोनच हात.

मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, "सुरक्षिततेसाठीच. रात्री उठले की पडतात." मला ते पटलं. पडण्याचीच तर धास्ती होती.

नवव्या दिवशी आईने चारचा चहा नाकारला. आई आणि चहाला नको म्हणते! पुन्हा पुन्हा विचारल्यावर हळूच म्हणाली, "रात्री ओलं होतं रे." दुपारपासून ती पाणीच पीत नव्हती. त्यानंतर माकडहाडापाशी कातडी लाल दिसू लागली, बोटाने दाबल्यावरही लाली जात नव्हती. सतराव्या दिवशी ती मला शाळेत जायला उशीर होतोय म्हणून सांगत होती, भलत्याच वर्षात होती. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसांत तो कधीकधी ताप न येता असा गोंधळातूनच दिसतो. हे त्यांच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्याच रात्री ओळखलं आणि उपचार सुरू केले, ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. डायपरमुळेच संसर्ग झाला असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण पाणी तोडलेलं, कातडी रात्रभर ओली, हे मी डोळ्यांनी पाहत होतो.

आणि विसाव्या दिवशी दुपारी, उजेडात, दोन माणसं शेजारी असताना आईने बाथरूमला नेण्याविषयी सांगितलंच नाही. सकाळी ज्या पायांना चालायला शिकवत होते, त्याच पायांना रात्री "उठू नका" सांगत होते, आणि शरीराने रात्रीचा धडा आधी गिरवला. त्या दिवशी मी आणि बायको परत येताना गाडीत काही बोललो नाही. बंगल्यातल्या ताईंना फोन केला.

या वेळी मी फक्त एक प्रश्न घेऊन गेलो: रात्री लघवीला कोण नेतं? ताईंनी दोनशे पानी वही काढून समोर ठेवली. रात्रपाळीची वही. खाट क्रमांक, वेळ, काय केलं. "खाट ६, २.१०, बाथरूमला नेलं. ४.४०, पुन्हा. खाट ९, कूस बदलली." अक्षर वेडंवाकडं, मध्येच पेन बदललेलं, एका पानावर चहाचा डाग. एका बैठकीत भरलेली वही अशी दिसत नाही. चौदा खाटांना रात्री दोन मावशी आणि एक सिस्टर. खोली रिकामी व्हायला तीन दिवस लागले, तेवढे आम्ही थांबलो.

पहिला आठवडाभर तिथेही आई डायपरमध्येच होती. ताईंनी रात्री साडेदहा, दोन आणि पाच अशा वेळा ठरवल्या. तिला जाग असो-नसो, मावशी उठवायच्या, वॉकर हातात द्यायच्या आणि मागे कमरेला धरून न्यायच्या. बाराव्या दिवशी रात्रीचा डायपर सुटला. खबरदारी म्हणून गादीवर पॅड मात्र राहिलं. महिन्याभरात आई चारचा चहा मागायला लागली.

ती पडण्याची भीती खोटी होती का? नाही. साडेचार महिन्यांत आई एकदा पलंगाच्या कडेवरून घसरून खाली बसली. पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी मला फोन आला, घटनेला दहा मिनिटंही झाली नव्हती. लागलं नव्हतं. मी दोन्हीकडे सुरुवातीलाच विचारलं होतं, गेल्या महिन्यात किती जण पडले? मोठ्या केंद्राचं उत्तर होतं, "आमच्याकडे कुणी पडत नाही." ताई म्हणाल्या, "दोन. एक आजोबा चप्पल घालताना, एक आजी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून. उंबरा काढला त्यानंतर." तेव्हा पहिलं उत्तर ऐकून मला हायसं वाटलं होतं. आज वाटतं, वृद्ध माणसं जिथे चालतात तिथे अधूनमधून कुणीतरी पडतंच. जिथे कुणीच पडत नाही तिथे बहुधा कुणी चालत नसावं, किंवा मोजत नसावं.

बंगल्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. सकाळच्या वेळी फिनेलच्या आडून लघवीचा वास येतो, पहिल्या भेटीत बायको त्यामुळेच नको म्हणाली होती. फिजिओथेरपिस्ट एक दिवसाआड. भाजी बऱ्याचदा दुधी नाहीतर बटाटा. सगळ्यात मोठी अडचण माणसांची. दिवाळीत दोन मावशी गावी गेल्या, बदली मिळाली नाही आणि दोन रात्री एकाच मावशीवर भागवावं लागलं. ताईंनी ते लपवलं नाही, आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं. त्या दोन्ही रात्री मी खुर्ची टाकून आईपाशी बसलो. ज्यांना असं जाऊन बसणं शक्य नाही, विशेषतः परगावी किंवा परदेशी असणाऱ्यांना, हा धोका खरा आहे. ऐंशी खाटांच्या ठिकाणी दोन माणसं कमी पडली तर निभावतं, चौदाच्या ठिकाणी लगेच जाणवतं.

पैशांचं थोडक्यात. मोठ्या केंद्रात महिन्याला ४८,०००, वर डायपर आणि औषधं वेगळी. बंगल्यात ३६,०००, फिजिओथेरपी वेगळी. फरक आहे, पण आमचा निर्णय त्यावर झाला नाही.

नाकात नळी असेल, ऑक्सिजन लागत असेल, घशाला छिद्र पाडलेलं असेल किंवा तब्येत तासातासाला बदलणारी असेल, तर माझ्या मते मोठं केंद्रच बघावं. रात्री दोनला डॉक्टर जिन्यावरून खाली येणं आणि फोनवरून सूचना देणं यात अशा वेळी फार अंतर पडतं. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठीही दोन्हींत तुलना अटीतटीची होईल. तिथे दर दोन तासांनी कूस बदलली जाते का आणि टाचा, माकडहाड कोरडं आहे का, एवढं बघा. चादर वर करून टाचा दाखवा म्हणायला संकोच वाटतो, पण म्हणा. चांगल्या ठिकाणी त्याचा राग येत नाही. पण तुमचं माणूस थोडंफार चालत असेल, आधाराने का होईना बाथरूमपर्यंत जात असेल, तर मी लहान जागेकडे झुकेन.

दोन्हीकडे एकदा तरी न कळवता, रात्री आठनंतर जा. आम्ही नऊही केंद्रं सकाळी अकरा ते एकमध्ये पाहिली होती, ती आमची चूक. त्या वेळेला सगळीकडे फरशा पुसलेल्या असतात. रात्री आठला मात्र पाण्याचा पेला हाताशी आहे की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, घंटीची दोरी उशीपाशी आहे की खिळ्याला गुंडाळलेली, किती जण झोपेच्या गोळीवर आहेत आणि ट्रॉली कुणाकुणापाशी थांबते, हे सगळं दिसतं. आत सोडलं नाही, तर तेही समजलं. कुठे गैरवागणूक दिसली आणि कुणाशी बोलावं सुचलं नाही, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोन मोफत लागतो.

फेब्रुवारीत आई घरी आली. आम्ही आता तळमजल्यावर भाड्याने राहतो. वॉकर पलंगाच्या उजव्या बाजूला, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू. पहाटे दोन-सव्वादोनला तिची हाक येते आणि मी किंवा बायको उठतो.