ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर: नक्कल, पण जीव ओतून केलेली

इंग्लंडच्या एक्सटीसी बँडने १ एप्रिल १९८५ रोजी '२५ ओ'क्लॉक' ही सहा गाण्यांची तबकडी आणली, ती ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर या टोपणनावाने. बँडमधला अँडी पार्ट्रिज झाला 'सर जॉन जॉन्स', कॉलिन मोल्डिंग 'द रेड कर्टन', तर निर्माता जॉन लेकी चक्क 'स्वामी आनंद नागरा'. नियम कडक होते: गाणी १९६७-६८च्या सायकेडेलिक (स्वप्नवत, चित्रविचित्र ध्वनींच्या रॉक संगीताच्या) वळणाचीच हवीत, शक्यतो जुनीच यंत्रे वापरायची आणि दोनपेक्षा जास्त टेक (ध्वनिमुद्रणाचे प्रयत्न) घ्यायचे नाहीत.

या घाईचाच फायदा झाला. एक्सटीसीच्या नेहमीच्या कामात घोटून घोटून येणारा ताठरपणा इथे नाही. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारे जुने कीबोर्ड वाद्य), उलट्या फिरवलेल्या टेप, शेवटच्या गाण्यात बीटल्सची उघड छाया. तरी चाली मात्र स्वतःच्या. श्रोत्यांनी हे लगेच ओळखले. ब्रिटनमध्ये ही तबकडी बँडच्या स्वतःच्या नावाने आलेल्या 'द बिग एक्सप्रेस' या तबकडीपेक्षा जास्त खपली.

१९८७च्या 'सॉनिक सनस्पॉट' या ड्यूक्सच्या दुसऱ्या तबकडीमध्ये दहा गाणी आहेत. रचना जास्त पक्क्या, थट्टा मात्र पातळ. 'व्हॅनिशिंग गर्ल' कुठल्याही काळात उत्तमच ठरले असते. गाण्यांमधली लहान मुलीच्या आवाजातली निवेदने पहिल्यांदा गोड वाटतात, पुन्हा ऐकताना वाटेत येतात.

दोन्ही एकत्र हवे असतील तर 'चिप्स फ्रॉम द चॉकलेट फायरबॉल' ही सीडी शोधा. हेडफोन लावून, पहिल्या सहा गाण्यांपासून सुरुवात करा.